दशांशताईंची एकच चूक

दशांशताई,

परवा तुझी शोकसभा झाली. चार जण बोलले. चौघांनी मिळून तुला सेवाभावी, मितभाषी, निगर्वी आणि पुन्हा एकदा सेवाभावी ठरवलं. पाचवी मी होते. मी उठलेच नाही. गुडघा दुखतोय म्हटलं, आणि तो खरोखरच दुखत होता, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप लागलं नाही. मितभाषी! रोज चार-चार तास मोठ्यांदा वाचून जिचा घसा बसायचा, ती म्हणे मितभाषी. आणि निगर्वी तर तू मुळीच नव्हतीस. तुझ्या हातून गेलेल्या पानात चूक नसते, याचा तुला चांगला सणसणीत गर्व होता. तो असायलाच हवा होता.

एकतीस वर्षं तुला अहो-जाहो केलं. आज मी 'तू' म्हणणार आहे. तुला आवडणार नाही, पण हरकत नोंदवायला आता तू नाहीस. आणि हे पत्र तुला असलं तरी वाचणार दुसरेच, तेव्हा तुला पाठ असलेल्या गोष्टीही मला सांगाव्या लागतील. सहन कर.

आपलं त्रैमासिक पाणी, माती आणि खडक यांवरच्या संशोधनाचं. संस्थेच्या ग्रंथालयाच्या डोक्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत मी, संपादक. बाहेरच्या खोलीत तू, तुझा टाइपरायटर आणि एक उंच लोखंडी कपाट. मधल्या दारात शिपाईमामांचं स्टूल. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि दुपारनंतर इकडे यायचे, म्हणजे कायम उशिरा आणि कायम घाईत. अंकाच्या सहाशे प्रती निघायच्या. त्यातल्या चारशे पाकीट न फोडताच कपाटात जात असतील, असं मी एकदा म्हटलं. तू म्हणालीस, "म्हणून उरलेल्या दोनशेंना चुकीचं वाचायला द्यायचं का, बाई?"

लेखकाकडून लेखाची एकच प्रत यायची. ती तशीच, लेख छापण्याजोगा आहे का ते ठरवणाऱ्या परीक्षकाकडे धाडली तर त्यावर नाव असतं, आणि नाव दिसलं की परीक्षक लेख वाचत नाही, नाव वाचतो. म्हणून तू तो सबंध लेख नाव-गाव वगळून पुन्हा टाइप करायचीस. कार्बन घालून तीन प्रती: दोन परीक्षकांना दोन, तिसरी आपल्या फाइलला. मग ताडून पाहणं. मूळ प्रत समोरच्याच्या हातात, टाइप केलेली तुझ्या हातात, खाली पट्टी धरलेली, आणि तू खणखणीत आवाजात वाचणार. शब्द, स्वल्पविराम, कंस, काही सोडायचं नाही. तक्ता आला की तुझा आवाज बदलायचा. "सोळा दशांश एक. पंधरा दशांश नऊ. सोळा दशांश दोन." खाली ग्रंथालयात बसलेल्या मुलांनीच तुझं नाव दशांशताई ठेवलं. तुझ्या सासूबाई तर म्हणायच्या, "सून गुणाची आहे, पण धोब्याला कपडे मोजून देतानासुद्धा दशांश लावते."

समोर बसायला खरं तर शिपाईमामा असायचे. ते दुसऱ्या पानाला पेंगायचे. मग माझी पाळी.

हे तू कुठे शिकलीस ते मला फार उशिरा कळलं. तुझे वडील गोदामात वजनकाट्यावर होते. त्यांचे डोळे गेले तेव्हा तू नऊ वर्षांची. रोज तू त्यांना पेपरातला तपमानाचा तक्ता वाचून दाखवायचीस, गावोगावचं कमाल आणि किमान. त्यांना त्या गावांशी काही देणंघेणं नव्हतं, पण माणसाला आकड्यांची सवय लागते. तू चुकलीस की ते म्हणायचे, "काल बेचाळीस आणि आज एकोणतीस? गावाला एका रात्रीत हुडहुडी भरली का? परत बघ."

तू मला अनेकदा सांगितलंस, "बाई, मला यातलं काही कळत नाही. मला फक्त चाल कळते."

मी हसायचे. मला वाटायचं, नम्रपणा करतेय.

सात वर्षं तू हंगामी होतीस. दर वर्षी नवा कागद, नवी सही. कायम व्हायला एक अट होती: सेवेत चुकीची एकही लेखी नोंद नसावी. कायम झालीस की संस्थेच्या आवारातली तीन खोल्यांची जागा तुझी. तुला तिची किती गरज होती ते मी तुझ्या घरी एकदा येऊन पाहिलं होतं. दोन खोल्यांत सहा माणसं. एका खोलीत तुझे आंधळे वडील आणि तुझ्या सासूबाई, मधे पडदा. माहेर आणि सासर यांच्यामधली सरहद्द ती. पडद्याच्या अलीकडून पलीकडे दिवसभर टोमणे जायचे. "काही माणसांना लेकीच्या घरी राहायची लाज नसते." "काही माणसांना लेकाच्या घरी राहून कामाची लाज असते." तुझा नवरा बिचारा दुकानातून येऊन जिन्यातच विडी ओढत बसायचा. तिसऱ्या खोलीत वडिलांची खाट टाकायची आणि खिडकी उघडी ठेवायची, एवढंच तुझं स्वप्न होतं. पडदा काढून त्याची पायपुसणी करणार होतीस.

तर अशात तो लेख आला.

डोंगरातल्या एका शाळेतल्या मास्तरीणबाईंचा. आपण त्यांना विहीरबाई म्हणायला लागलो. त्यांनी अकरा वर्षं, दर उन्हाळ्यात एकाच ठरलेल्या आठवड्यात, आसपासच्या तीस विहिरींत दोर सोडून पाणी किती खोल गेलंय ते मोजलं होतं. तीस विहिरी, अकरा वर्षं, तीनशे तीस आकडे. संस्था नाही, अनुदान नाही, सहकारी नाही. एक दोर, त्याला बांधलेला एक दगड आणि वही.

तू तो टाइप केलास. त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती आणि मला दंतवैद्याकडे जायचं होतं.

"टपाल आजच जाऊ द्या," मी म्हटलं. "ताडून उद्या पाहू."

"न ताडता पाठवायचं?"

"तुमची आजवर कधी चूक झालीय का?"

हे कौतुक नव्हतं. मला निघायची घाई होती. पण तू क्षणभर सुखावलीस, मी पाहिलं. टपाल गेलं.

दुसऱ्या दिवशी गाल सुजवून मी समोर बसले. तू वाचत होतीस. सतराव्या विहिरीपाशी आलीस. "पंधरा दशांश नऊ. सोळा दशांश एक. चौदा दशांश सहा." आणि थांबलीस.

"चाल मोडली," म्हणालीस. "बाई, तुमच्याकडे काय आहे?"

मूळ प्रतीत होतं सोळा दशांश चार. तुझ्या बोटांनी सहा आणि चार यांची अदलाबदल केली होती, आणि ती चुकीची प्रत दोन्ही परीक्षकांकडे निघालीही होती.

तू पांढरीफटक पडलीस. मग लाल शाईने फाइलच्या प्रतीवर दुरुस्ती केलीस, बाजूला तारीख घातलीस आणि दोन चिठ्ठ्या टाइप केल्यास, परीक्षकागणिक एक. 'पान ९, तक्ता २, विहीर १७, वर्ष सहावे: १४.६ ऐवजी १६.४ वाचावे.' परीक्षकांना कागद जायचा तर संपादकाच्या सहीनेच, असा नियम. तू चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्यास. पेन कुठेतरी पडलं होतं, दाढ पुन्हा सुरू झाली होती. मी म्हटलं, "द्या इकडे, सही करून वाटेत पेटीत टाकते." आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या.

तू जावक रजिस्टरात क्रमांक आणि तारीख घालून ओळ धरून ठेवलीस. पुढचे रकाने चिठ्ठ्या गेल्यावर भरायचे. नंतर दोनदा विचारलंस, "गेल्या का, बाई?" मी दोन्ही वेळा म्हटलं, "जातील हो!" तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस.

दोन परीक्षकांपैकी एक होते सर. सर म्हणजे माझे मार्गदर्शक आणि संस्थेचे अध्यक्ष. माझी पदवी, माझी नोकरी, माझं संपादकपद, तिन्हींवर त्यांच्या शब्दाचं वजन होतं. त्यांनी लेख सात महिने ठेवून घेतला आणि एका ओळीचा अभिप्राय दिला: 'हौशी काम, नाकारावे.' दुसऱ्या परीक्षकांनी दोन पानं लिहिली होती, सूचना केल्या होत्या आणि शेवटी 'अवश्य छापावे' म्हटलं होतं. मी सरांची ओळ धरली. दोन पानं वाचायला वेळ लागतो, ओळ वाचायला लागत नाही. विहीरबाईंचा लेख मी स्वतः पुरता वाचलासुद्धा नव्हता. छापील कार्ड लावून साभार परत.

तू कार्डावर पत्ता टाइप करताना म्हणालीस, "अकरा वर्षं, बाई."

मी म्हटलं, "लोक काय, वीस-वीस वर्षं पोस्टाची तिकिटं जमवतात."

हे वाक्य मला अजून आठवतं. तूही विसरली नसशील.

दीड वर्षानंतर सरांचा लेख आला: दुर्गम भागातल्या विहिरींच्या पातळीत दीर्घ काळात झालेले बदल. मी तो अंकात पहिला लावला. परीक्षकांकडे पाठवलाच नाही. सरांचा लेख तपासायला कुणाकडे पाठवायचा? त्यामुळे तो तुझ्या टाइपरायटरवर आला नाही, सरळ छापखान्यात गेला. तू तो पहिल्यांदा पाहिलास प्रूफ हातात आल्यावर.

दुपारची वेळ. पंखा बंद, कारण प्रूफं उडतात. मी सरांचं हस्तलिखित धरून बसलेले, तू प्रूफ वाचत होतीस. तक्त्यात विहिरींना आकडे नव्हते, अक्षरं होती. तू वाचत गेलीस आणि तुझा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"पंधरा दशांश नऊ. सोळा दशांश एक. चौदा दशांश सहा."

"बरोबर. पुढे?"

"बाई, हे मी आधी वाचलंय."

"अहो, आकडे आहेत ते. आकडे मुळात दहा. तेच तेच येणार."

"आकडे येतील. चाल कशी येईल?" तू पट्टी एका अक्षरावर रोवून धरली होतीस. "आणि हे चौदा दशांश सहा माझं आहे."

"तुमचं म्हणजे?"

"माझी चूक आहे ती. मी ओळखते तिला."

तू उठून कपाट उघडलंस. शोधावं लागलं नाही, तुला फाइलची जागा ठाऊक होती. लाल शाई, तारीख, सगळं जिथल्या तिथे. आपण दोन्ही तक्ते शेजारी ठेवले आणि तीनशे तीस आकडे ताडले. एकूण एक तेच. आणि सतराव्या विहिरीचा सहाव्या वर्षाचा आकडा, जो कुठल्याच विहिरीत कधी नव्हता, जो फक्त तुझ्या बोटांखाली एका दुपारी जन्मला, तोही तोच.

पुढे तर कहर होता. त्या एका आकड्यामुळे त्या वर्षी त्या विहिरीचं पाणी एकदम दीड मीटर वर आल्यासारखं दिसत होतं. सरांनी त्याचं स्पष्टीकरण दिलं होतं, दीड पानाचं! खडकातल्या भेगा, त्यांतून बाजूने झिरपणारं पाणी, शेजारच्या टेकडीचा उतार. तुझ्या बोटाच्या घसरणीवर माझ्या गुरूंनी सिद्धान्त उभा केला होता. मला हसू आलं. तुला नाही आलं.

"विहीरबाईंचं नाव कुठेय?" तू विचारलंस.

"नाही."

"शेवटी, आभारात?"

"तिथेही नाही."

लेखाचा फर्मा शुक्रवारी छपाईयंत्रावर चढणार होता. एकदा तो छापून निघाला की त्या अकरा वर्षांच्या विहिरी सरांच्या झाल्या, कायमच्या. कुणी विहीरबाईंना विचारलं असतं, तर त्यांनीच सरांची नक्कल केली असं ठरलं असतं. थांबवायला पुरावा एकच, तुझी चूक. ती दाखवायची म्हणजे लेखी द्यायची. आणि त्याच आठवड्यात तुझी कायम करण्याची फाइल सरांच्या टेबलावर गेली होती.

"तुम्ही यात पडू नका," मी म्हटलं. "मी सरांशी बोलते."

सर घरी व्हरांड्यात बसले होते, पाय गरम पाण्याच्या पिशवीवर. "ये पोरी," म्हणाले. मी पंचेचाळिशीची होते.

मी बसताबसताच बोलून टाकलं. मला प्रस्तावना जमत नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"आकडे विहिरींचे असतात, पोरी. बाईंचे नसतात."

"दोर बाईंचा होता, सर."

"दोर काय, कुणीही सोडेल. अर्थ लावायला डोकं लागतं."

"सतराव्या विहिरीचा अर्थ लावलात ना? तो आकडा आमच्या ऑफिसात टाइप करताना चुकलेला आहे. त्या विहिरीत असं पाणी कधी नव्हतंच."

त्यांनी कप बशीत ठेवला. आवाज होऊ न देता ठेवला. पायाखालची पिशवी सारखी केली. मग अगदी मायेने म्हणाले, "ती टाइप करणारी अजून हंगामीच आहे, नाही का? चूक तिने स्वतःच लिहून दिली तर समितीचा नाइलाज होईल. तू तिचं भलं बघणारी आहेस. बघ बाई."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरी परतताना मी काय विचार करत होते ते आज सांगते. रस्त्यात मी एक छान तडजोड जुळवली होती. आभारात विहीरबाईंचं नाव घालायचं, चौदाचे सोळा करायचे, दीड पान काढून टाकायचं, तुझी फाइल पुढे सरकवायची. कुणाचंच वाईट नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना चढेपर्यंत ती मला शहाणपणाची वाटत होती.

तुझ्या टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता, सहीसकट. "लेख अमुक, विहीर १७, वर्ष सहावे, १६.४ ऐवजी १४.६ असे माझ्याकडून टाइप झाले. प्रती ताडून पाहण्याआधी पाठवल्या गेल्या. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या तयार केल्या होत्या. त्या परीक्षकांपर्यंत पोचल्या नाहीत."

"हे हात दाखवून अवलक्षण कशाला?" मी ओरडलेच. "घरी तरी विचारलंत?"

"विचारलं. सासूबाई म्हणाल्या, पडदा आहे तो बरा आहे, निदान एकमेकांची तोंडं दिसत नाहीत."

"आणि वडील?"

"त्यांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, परत बघ. मी परत बघितलं, बाई. चूक माझीच आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आभारात नाव घालून भागणार नाही ना?"

मी तडजोडीचा एक शब्दही काढला नव्हता. तुला ती माझ्या चेहऱ्यावर दिसली असावी.

त्या दिवशी मी छापखान्यात जाऊन लेख काढायला लावला. अंक आठ पानं कमी घेऊन निघाला. विहीरबाईंना मी माफीचं पत्र लिहिलं. पत्राचा मसुदा तुला दाखवला तर म्हणालीस, "बाई, यात दोन गोष्टी राहिल्यात. त्यांचा लेख तुम्ही वाचला नव्हता, आणि सरांचा परीक्षकांकडे पाठवला नव्हता."

"हे त्यांना कशाला सांगायचं?"

"त्यांना नाही तर कुणाला?"

दोन्ही गोष्टी लिहिल्या. पुढच्या अंकात संपादकाच्या निवेदनातही लिहिल्या. ते निवेदन छापून आलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "शाब्बास, आता गावात कुणी आपल्याला जेवायला बोलावणार नाही." कुणी बोलावलंही नाही, आणि माझं वजन तीन किलो उतरलं.

विहीरबाईंचं उत्तर एका कार्डावर आलं. "लेख छापण्यास हरकत नाही. दरम्यान आणखी दोन उन्हाळे झाले, ते आकडे जोडले आहेत. सतराव्या विहिरीत भेग नाही. मी आत उतरून पाहिले." एवढंच. ना आभार, ना राग. लेख आवक-तारखेसह छापला, जी तारीख मूळ लेखाची होती तीच. तू शिक्का दोनदा पुसून मारलास, तारीख ठळक यावी म्हणून. विहिरी विहीरबाईंच्या राहिल्या.

सरांनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला. त्यानंतर ते एकोणीस वर्षं ठणठणीत जगले.

आता शोकसभेत मी बोलू शकले नाही ते.

तुझा कागद वाचला त्याच संध्याकाळी मी घरी गेले आणि खुंटीवरची जुनी पर्स काढली. दंतवैद्यानंतर थोड्याच दिवसांत मी नवी घेतली होती. आतल्या कप्प्यात दोन्ही चिठ्ठ्या होत्या. घडी न मोडलेल्या, सही नसलेल्या. सोबत दाढेची एक गोळी.

महिन्याभराने समिती बसली. तुला बोलावलं. मीही टेबलाशी होते, तुझ्यापासून तीन खुर्च्यांवर. उपाध्यक्षांनी विचारलं, "चूक लक्षात आल्यावर परीक्षकांना कळवायची जबाबदारी कुणाची होती?"

तू म्हणालीस, "टपालाचं रजिस्टर माझ्याकडे असतं."

खोटं नव्हतं ते. आणि तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि सबंध प्यायले.

मनात म्हटलं, मी आत्ता बोलले तर सरांची माणसं माझं निवेदन उडवतील, विहीरबाईंचा लेख पुन्हा अडकेल. हे निम्मं खरं होतं. निम्म्याला मी पुरं मानलं. लेख छापून झाल्यावर ते निम्मंही उरलं नाही, तरी मी गप्पच राहिले. तुझ्या फाइलवर 'दुरुस्ती कळवण्यात हयगय' असा शेरा पडला आणि पुढची चार वर्षं तू हंगामीच राहिलीस. तिसऱ्या वर्षी तुझे वडील गेले, पडद्याच्या आतल्या बाजूला, बंद खिडकीपाशी. मी भेटायला आले तेव्हा सासूबाईच रडत होत्या. "आता भांडू कुणाशी?" म्हणाल्या. तू पेपर घडी घालून ठेवत होतीस.

मग जागा मिळाली. पडद्याची पायपुसणी केलीस की नाही ते मी विचारलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी तू कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्यास. फाइली कुठे काय, सगळं समजावलंस. शेवटी, अगदी सहज, जशी छत्री विसरलीय का विचारावं तसं, म्हणालीस, "बाई, त्या चिठ्ठ्या कधी सापडल्या का?"

"कुठल्या?"

"राहू दे. सापडल्या तर फाइलला लावा. रजिस्टरात ओळ सोडलीय."

मी म्हटलं, "बरं." नऊ वर्षं झाली त्या 'बरं'ला.

शोकसभा खालीच, ग्रंथालयात होती. संपल्यावर मी जिना चढले, गुडघ्यासकट. तुझ्या खोलीत आता दोन संगणक आहेत. तिथल्या मुलीने जुनी रजिस्टरं काढून दिली, "काय शोधताय, आजी?" म्हणाली. ओळ सापडली. जावक क्रमांक ४१२, तुझ्या अक्षरात तारीख, आणि पुढे चार रकाने कोरे. वरची ओळ भरलेली, खालची भरलेली.

दोन्ही चिठ्ठ्या माझ्या पर्समध्ये होत्या, नव्या पर्समध्ये. घरून निघताना घेतल्या होत्या. त्या मुलीने पेनही दिलं. सही करायची, फाइलला लावायच्या, रकाने भरायचे, दोन मिनिटांचं काम.

पण तारीख कुठली घालणार होते मी? ओळ त्या दिवसाची. मागची तारीख घालून रजिस्टर भरायचं नाही, हे तू प्रत्येक नव्या शिपायाला पहिल्या दिवशी सांगायचीस. आणि आजची घातली तर पाठवणार कुणाला? दोन्ही परीक्षक गेले. विहीरबाई कुठे आहेत ठाऊक नाही. तू तर नाहीसच.

मी पेन परत दिलं. मुलीने रजिस्टर कपाटात ठेवलं. चिठ्ठ्या इथे माझ्यासमोर आहेत, आणि चारशे बाराच्या पुढचं कोरंच आहे.